ट्विटरचे स्वामित्व आणि नियंत्रण (२००६–२०२५)

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहिताना तिचे संस्थापक कोण, तिचा विस्तार कसा झाला आणि तिच्यात स्थित्यंतरे का घडली, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. ती संस्था कायद्याच्या दृष्टीने कोणाच्या मालकीची होती, हा प्रश्न बहुधा दुय्यम मानला जातो. ट्विटर या समाजमाध्यमाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करणे अगत्याचे आहे. मार्च २००६ मध्ये एका लहानशा कंपनीतील प्रयोग म्हणून सुरू झालेले हे माध्यम पुढील पंधरा वर्षांत राष्ट्रप्रमुख, वार्ताहर, न्यायवेत्ते, शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांचे रोजचे व्यासपीठ झाले. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ते सुमारे ४४ अब्ज डॉलरना विकत घेतले.

या व्यवहाराची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. एका मतानुसार ती एका धनाढ्य पुरुषाची लहर होती. दुसऱ्या मतानुसार त्यामागे राजकीय आकांक्षा होती. दोन्ही स्पष्टीकरणे ग्राहकाविषयी आहेत. घेणाऱ्याने का घेतले याचे उत्तर त्यांतून कदाचित मिळेल. परंतु ती वस्तू मुळात विकत मिळण्यासारखी का होती, याचे उत्तर मिळत नाही. त्याच काळात फेसबुक किंवा गूगल यांच्या बाबतीत असा व्यवहार त्यांच्या संस्थापकांच्या संमतीवाचून होऊ शकला नसता. या भेदाचे कारण व्यक्तींच्या स्वभावात नसून भागभांडवलाच्या रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत: स्वामित्व, म्हणजे भाग कोणाच्या नावावर आहेत, नियंत्रण, म्हणजे निर्णय कोण घेतो, आणि उपयोग, म्हणजे ते माध्यम चालते ठेवणारे लोक कोण. ट्विटरच्या इतिहासात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी वारंवार हातांतरित झाल्या. तिसरीला मात्र कोणत्याही हस्तांतरात मताधिकार मिळाला नाही.

२. उगम आणि पहिले हस्तांतर

ट्विटरचा जन्म ज्या कंपनीत झाला ती ओडिओ. नोआ ग्लास आणि एव्हन विल्यम्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांच्या प्रसारणासाठी ती उभारली होती. विल्यम्स यांनी त्यापूर्वी आपली ब्लॉगर ही सेवा २००३ मध्ये गूगलला विकली होती व त्यामुळे या व्यवसायात त्यांचे नाव झाले होते. २००५ च्या जून महिन्यात ॲपल कंपनीने असे कार्यक्रम आपल्या आयट्यून्समध्ये समाविष्ट केले आणि ओडिओच्या व्यवसायाचा पायाच खचला. नव्या कल्पनांचा शोध सुरू असता जॅक डॉर्सी यांनी, आपण या क्षणी काय करीत आहोत हे स्नेह्यांना लहानशा संदेशाने कळविण्याची योजना मांडली. ग्लास, बिझ स्टोन आणि इतर सहकाऱ्यांच्या हातून तिला आकार आला. २१ मार्च २००६ रोजी डॉर्सी यांनी पहिला संदेश पाठविला आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती सेवा लोकांस खुली झाली. भ्रमणध्वनीवरील संदेशाची मर्यादा १६० अक्षरांची होती. त्यांतील २० पाठविणाऱ्याच्या नावासाठी राखून १४० अक्षरांची सुप्रसिद्ध मर्यादा ठरविण्यात आली. ती २०१७ मध्ये बहुतेक भाषांसाठी दुप्पट झाली.

स्वामित्वाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना यानंतरची आहे. ओडिओमध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल गुंतले होते. २००६ च्या शरद ऋतूत विल्यम्स यांनी त्यांचे भांडवल परत करून ओडिओ आणि तिच्याबरोबर ट्विटर आपल्याकडे घेतले. ऑब्व्हियस कॉर्पोरेशन ही नवी कंपनी त्यासाठी स्थापन झाली. भांडवल बुडण्याचा संभव दिसत असता ते परत मिळणे गुंतवणूकदारांना इष्ट वाटले, यात नवल नाही. याच सुमारास ग्लास यांना कंपनीतून दूर करण्यात आले. म्हणजे जन्मानंतर एका वर्षाच्या आत या माध्यमाचा मालक बदलला आणि त्याच्या उभारणीत भाग घेतलेली एक व्यक्ती बाहेर पडली. निर्मितीतील वाटा आणि मालकीतील वाटा यांचा संबंध प्रारंभापासूनच सैल होता, असे या घटनेवरून दिसते.

एप्रिल २००७ मध्ये ट्विटर ही स्वतंत्र कंपनी झाली आणि डॉर्सी तिचे मुख्याधिकारी झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्या जागी विल्यम्स आले. ऑक्टोबर २०१० मध्ये विल्यम्स यांच्या जागी डिक कॉस्टोलो आले. दरम्यान २००८ मध्ये फेसबुकने, प्रामुख्याने आपल्या भागांच्या रूपाने, सुमारे ५० कोटी डॉलर देऊ केले होते. तो प्रस्ताव नाकारण्यात आला. डिसेंबर २०११ मध्ये सौदी राजपुत्र अल्वलीद बिन तलाल व त्यांची किंगडम होल्डिंग कंपनी यांनी ३० कोटी डॉलर गुंतविले. या सर्व काळात संस्थापकांपैकी कोणा एकाच्या हाती निर्णायक सत्ता स्थिरावली नाही. पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३. उपयोगातून घडलेली वास्तू

ज्या लक्षणांमुळे ट्विटर ओळखले जाते, त्यांपैकी कित्येक कंपनीने निर्माण केलेली नाहीत. एखाद्या व्यक्तीस उद्देशून लिहिताना तिच्या नावामागे विशिष्ट चिन्ह जोडण्याची पद्धत वापरकर्त्यांनी रूढ केली. विषयवार संदेश एकत्र आणण्यासाठी शब्दापूर्वी चौकटीसारखे चिन्ह लावावे, ही सूचना ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने केली. कंपनीने प्रथम तिला महत्त्व दिले नाही. दुसऱ्याचा संदेश त्याचे श्रेय देऊन पुन्हा प्रसृत करण्याची रीतही लोकांनीच पाडली व कंपनीने २००९ मध्ये तिला यंत्रणेत स्थान दिले. संदेशाला ‘ट्वीट’ म्हणण्याची प्रथा आणि पक्ष्याची आकृती यांचा प्रसार होण्यास ट्विटरिफिक या बाहेरच्यांनी बनविलेल्या साधनाचा हातभार लागला.

वापरकर्त्यांना एरव्ही ग्राहक म्हटले जाते. परंतु ग्राहक वस्तू तयार करीत नाही. येथे वापरकर्त्यांनी मजकूर तर निर्माण केलाच, शिवाय त्या मजकुराच्या व्यवहाराचे नियमही घडविले. रूढीने घडलेल्या या नियमांना पुढे कंपनीने मान्यता दिली आणि त्यांच्यावर जाहिरातीचा व्यवसाय उभारला. २०२१ मध्ये कंपनीचे सुमारे ५ अब्ज डॉलरचे उत्पन्न झाले आणि त्यातील जवळजवळ नऊ दशांश भाग जाहिरातींचा होता.

या संचिताचे सार्वजनिक मूल्य अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाने प्रथम ओळखले. २००६ पासूनचे सर्व जाहीर संदेश जतन करण्याचा संकल्प त्या ग्रंथालयाने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केला. तथापि संदेशांची संख्या इतकी वाढली की १ जानेवारी २०१८ पासून केवळ निवडक संग्रह करण्याचे ठरले. सार्वजनिक दप्तर म्हणून या माध्यमाकडे पाहण्याचा हा सर्वांत मोठा प्रयत्न होय. पुढील काळातील संपूर्ण दप्तर मात्र खासगी कंपनीच्याच स्वाधीन राहिले.

४. भागबाजारातील प्रवेश

७ नोव्हेंबर २०१३ रोजी ट्विटरचे भाग न्यूयॉर्कच्या रोखे बाजारात आले. प्रत्येकी २६ डॉलर दराने ७ कोटी भाग विकून कंपनीने १.८२ अब्ज डॉलर उभे केले. पहिल्याच दिवशी भाव ४४.९० डॉलरवर बंद झाला. त्या वेळच्या नोंदणीपत्रावरून विल्यम्स यांच्याकडे सुमारे १२ टक्के आणि डॉर्सी यांच्याकडे ५ टक्क्यांच्या आसपास भाग असल्याचे दिसते.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. ट्विटरच्या सामान्य भागांचा एकच वर्ग होता आणि प्रत्येक भागास एकच मत होते. गूगलने २००४ मध्ये आणि फेसबुकने मे २०१२ मध्ये भागविक्री केली तेव्हा त्यांनी भागांचे दोन वर्ग केले होते: लोकांस विकलेल्या भागास एक मत, तर संस्थापकांकडील भागास दहा मते. परिणामी भांडवल लोकांचे, परंतु निर्णय संस्थापकांचा, अशी व्यवस्था निर्माण झाली. मार्क झुकरबर्ग यांच्याकडे फेसबुकची निम्म्याहून अधिक मते त्यामुळे राहिली. स्नॅप कंपनीने तर २०१७ मध्ये मताधिकार मुळीच नसलेले भाग लोकांस विकले. ट्विटरने असे काही केले नाही. ज्या कंपनीत मुख्याधिकारी वारंवार बदलले आणि एकाही संस्थापकाचे वर्चस्व टिकले नाही, तेथे विशेषाधिकाराचे भाग कोणासाठी राखावयाचे हा प्रश्नच अवघड होता, असे अनुमान करता येते. संचालक मंडळातील सर्व जागा एकाच वर्षी रिक्त होऊ नयेत अशी तजवीज मात्र होती; पण तिने आक्रमण लांबते, टळत नाही.

दिसण्यात ट्विटरची व्यवस्था अधिक लोकसत्ताक होती. प्रत्येक भागास समान मत, हे तत्त्व ऐकावयास न्याय्य वाटते. पण या लोकसत्तेतील मतदार नागरिक नव्हते, भाग होते. आणि भाग विकत मिळतात. जेथे मत हीच क्रयवस्तू आहे, तेथे मतांची समानता ही संरक्षक भिंत नसून उघडे द्वार ठरते. ट्विटरच्या पुढील दशकाचा इतिहास म्हणजे या द्वारातून कोण कोण डोकावले याचाच इतिहास होय.

५. नाकारलेला पर्याय

हे डोकावणे लवकरच सुरू झाले. कंपनीचा सार्वजनिक प्रभाव प्रचंड, पण नफा अल्प, ही तिची कायमची अडचण होती. २०१३ ते २०२१ या नऊ वर्षांपैकी केवळ २०१८ आणि २०१९ या दोन वर्षीच तिला वार्षिक नफा झाला. २०१६ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरात तिच्या विक्रीच्या वाटाघाटी झाल्या. सेल्सफोर्स आणि डिस्ने या कंपन्यांनी विचार करून माघार घेतली.

याच वेळी एक निराळी कल्पना पुढे आली. नेथन श्नायडर या अभ्यासकाने सप्टेंबर २०१६ मध्ये, वापरकर्त्यांनीच ट्विटर विकत घेऊन ते सहकारी तत्त्वावर चालवावे, असे सुचविले. काही भागधारकांनी हा विचार उचलून धरला आणि अशा हस्तांतराची शक्यता तपासावी, असा ठराव मे २०१७ च्या वार्षिक सभेपुढे आणला. ठराव केवळ अभ्यासाचा होता, हस्तांतराचा नव्हता. तरीही संचालकांनी विरोध केला आणि त्यास ५ टक्क्यांपर्यंतही मते मिळाली नाहीत. या अपयशाचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्यांच्या हिताचा ठराव होता त्या वापरकर्त्यांना सभेत मत नव्हते. ज्यांना मत होते त्या भागधारकांना आपले भाग योग्य भावाने विकले जावेत एवढेच अभिप्रेत होते. उपयोगातून हक्क उत्पन्न होतो, हा दावा या इतिहासात औपचारिकपणे मांडला गेलेला हा एकमेव प्रसंग होय, आणि म्हणूनच त्याचे अपयश मोलाचे आहे.

२०२० च्या प्रारंभी इलियट मॅनेजमेंट या गुंतवणूक संस्थेने मोठ्या प्रमाणात भाग घेऊन डॉर्सी यांना हटविण्याचा आग्रह धरला. २०१५ पासून ते पुन्हा मुख्याधिकारी होते आणि त्याच वेळी स्क्वेअर या दुसऱ्या कंपनीचेही प्रमुख होते. मार्चमध्ये समेट झाला. सिल्व्हर लेक या संस्थेने १ अब्ज डॉलर गुंतविले आणि इलियटला संचालक मंडळात जागा मिळाली. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी डॉर्सी पायउतार झाले व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर पराग अग्रवाल मुख्याधिकारी झाले.

६. २०२२ चा व्यवहार

मस्क यांनी ३१ जानेवारी २०२२ पासून भाग खरेदी करण्यास आरंभ केला. ९ टक्क्यांहून अधिक भाग आपल्याकडे असल्याचे ४ एप्रिल रोजी जाहीर झाले. ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे त्यांनी विहित मुदतीत कळविले नाही व त्यामुळे पुढील भाग त्यांना स्वस्तात मिळाले, असा आरोप अमेरिकेच्या रोखे आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात केला. संचालकपदाचा प्रस्ताव त्यांनी प्रथम स्वीकारला, मग नाकारला आणि १४ एप्रिल रोजी प्रत्येक भागास ५४.२० डॉलर देऊन संपूर्ण कंपनी घेण्याचा प्रस्ताव ठेवला. दुसऱ्याच दिवशी संचालकांनी, कोणी १५ टक्क्यांहून अधिक भाग घेतल्यास इतरांना स्वस्तात नवे भाग मिळावेत, अशी प्रतिबंधक योजना मंजूर केली. परंतु दहा दिवसांत, २५ एप्रिल रोजी, विक्रीस संमती दिली.

हा बदल दुर्बलतेचा म्हणून हिणविला जातो. वस्तुतः तो कायद्याला धरून होता. देऊ केलेला भाव, मस्क यांची खरेदी जाहीर होण्यापूर्वीच्या बाजारभावाहून ३८ टक्के अधिक होता. डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यानुसार संचालक हे कंपनीचे व भागधारकांचे विश्वस्त असतात; विक्रीच्या वेळी उत्तम भाव मिळविणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. व्यासपीठाचे पुढे काय होईल, हा प्रश्न त्यांनी विचारला असता तरी त्याच्या उत्तरावर निर्णय बेतण्यास त्यांना फारशी मोकळीक नव्हती.

जुलैत मस्क यांनी करारातून माघार घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा कंपनीने डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयात दावा लावून कराराची प्रत्यक्ष पूर्तता मागितली. १३ सप्टेंबर रोजी भागधारकांनी विक्री मंजूर केली. १७ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या सुनावणीपूर्वी मस्क यांनी मूळ भावाने खरेदी करण्याची तयारी दर्शविली. न्यायाधीश कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी २८ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आणि २७ रोजी व्यवहार पुरा झाला. एका नाखूश ग्राहकाने ही वस्तू घ्यावीच, यासाठी विक्रेता न्यायालयात गेला, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी वस्तुस्थिती आहे.

डॉर्सी यांची भूमिकाही याच संदर्भात पाहिली पाहिजे. ट्विटर हे कोणाच्याही मालकीचे असू नये, असे मत त्यांनी विक्री ठरली त्याच दिवशी प्रकट केले. आणि मालकी अपरिहार्य असेल तर मस्क यांच्यावर आपला विश्वास आहे, असेही म्हटले. त्यांनी आपले भाग न विकता नव्या खासगी कंपनीत वळते केले. अल्वलीद यांनीही तसेच केले.

७. खासगी स्वामित्वाचा काळ

खरेदीसाठी काढलेले सुमारे १३ अब्ज डॉलरचे कर्ज मस्क यांच्या नावावर न राहता ट्विटरवरच चढले. संचालक मंडळ बरखास्त होऊन मस्क हे एकमेव संचालक झाले. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुमारे निम्म्या नोकरवर्गास काढण्यात आले. मार्च २०२३ मध्ये ट्विटर ही कंपनी नेव्हाडा राज्यात नोंदलेल्या एक्स कॉर्प या कंपनीत विलीन झाली; जुलैत माध्यमाचे नावही ‘एक्स’ झाले. २८ मार्च २०२५ रोजी मस्क यांच्याच एक्सएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने ती घेतल्याचे जाहीर झाले. त्या व्यवहारात १२ अब्ज डॉलरचे कर्ज वजा जाता तिचे मूल्य ३३ अब्ज डॉलर धरण्यात आले. पैशाची देवघेव झाली नाही. भागांच्या बदल्यात भाग दिले गेले. हे मूल्य ठरविण्यात दोन्ही पक्षी नियंत्रक व्यक्ती एकच होती, हे विसरता येत नाही.

इतिहासकाराच्या दृष्टीने या काळाचे एक वेगळे वैशिष्ट्य आहे. २०१३ ते २०२२ पर्यंत कंपनीचे त्रैमासिक हिशेब, वार्षिक सभांचे ठराव आणि प्रमुख भागधारकांच्या नोंदी कायद्याने प्रसिद्ध होत असत. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी तिचे भाग बाजारातून काढले गेले आणि हा ओघ आटला. नव्या भागधारकांची यादीसुद्धा ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका खटल्यात न्यायालयाच्या आदेशाने उघड झाली. जानेवारी २०२१ पासून विद्यापीठीय संशोधकांना जुन्या संदेशांचा विनामूल्य अभ्यास करता येत होता. ती सोय २०२३ मध्ये बंद झाली. स्वामित्वाच्या बदलाबरोबर साधनसामग्रीही खासगी झाली.

भारताच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. केंद्र सरकारच्या मजकूर रोखण्याच्या आदेशांविरुद्ध ट्विटरने जुलै २०२२ मध्ये, म्हणजे विक्रीचा वाद चालू असतानाच, कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केला. ३० जून २०२३ रोजी तो ५० लाख रुपयांच्या खर्चासह फेटाळला गेला. तोपर्यंत अर्जदार कंपनीचे मालक आणि नाव दोन्ही बदलले होते. सरकारच्या ‘सहयोग’ या व्यवस्थेविरुद्ध एक्सने केलेला दुसरा अर्ज त्याच न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला आणि संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिकांना आहे, परदेशी कंपनीस नाही, असा निर्वाळा दिला. या निर्णयास आव्हान देण्याचा मनोदय कंपनीने व्यक्त केला. निर्णयाच्या गुणदोषांत न शिरताही त्यातून उघड होणारी स्थिती नोंदविली पाहिजे. ज्यांना अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे ते वापरकर्ते व्यासपीठाचे स्वामी नाहीत. जी स्वामी आहे त्या कंपनीस तो हक्क नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, २०२२ चे हस्तांतर आकस्मिक नव्हते. एका भागास एक मत या २०१३ च्या रचनेत त्याची शक्यता अंतर्भूत होती आणि २०१६ व २०२० च्या घटनांनी तिची पूर्वसूचना दिली होती. दुसरी, फेसबुकसारख्या कंपन्यांतील द्विवर्गी रचना हे त्यावरचे उत्तर नव्हे. तेथे व्यासपीठ विकले जात नाही, याचे कारण ते आधीच एका व्यक्तीच्या नियंत्रणाखाली आहे. एका रचनेत एकाधिकार पैसे देऊन प्राप्त होतो. दुसरीत तो जन्मतःच असतो. तिसरी, या दोन्हींहून वेगळा असा पर्याय २०१७ मध्ये सभेपुढे आला होता. तो अव्यवहार्य ठरला असे म्हणता येत नाही, कारण त्याची परीक्षाच होऊ दिली गेली नाही.

सार्वजनिक व्यवहाराचे स्थान खासगी मालकीचे असणे ही इतिहासात नवी गोष्ट नाही. वृत्तपत्रेही खासगी मालकीचीच होती. परंतु वृत्तपत्राचा मजकूर त्याचा संपादक घडवीत असे आणि वाचक तो विकत घेत असे. ट्विटरमध्ये मजकूर, रूढी आणि वाचकवर्ग ही तिन्ही अंगे लोकांनी पुरविली आणि विक्रीच्या वेळी त्या सर्वांसह किंमत ठरली. त्या ४४ अब्ज डॉलरमध्ये यंत्रांचे मूल्य किती आणि कोट्यवधी लोकांनी सोळा वर्षे घातलेल्या लेखनाचे व सवयींचे मूल्य किती, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही. तो मांडावयाचा झाल्यास समाजमाध्यमांच्या इतिहासाला संस्थापकांच्या चरित्रांपेक्षा नोंदणीपत्रे, सभांचे ठराव आणि न्यायालयांची दप्तरे यांकडे अधिक वळावे लागेल, आणि ती साधने उपलब्ध आहेत तोवरच वळावे लागेल.